आधी ऊन बघ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

गुरूच्या युरोपा या चंद्राच्या फोटोवर तू केलेल्या खुणा पाहिल्या. एका जागी ‘टेंगळांची रांग’ असं लिहिलंयस. आता तोच फोटो उलटा धर. टेंगळांचे खड्डे झाले ना? ऊन वरूनच येतं, असं आपले डोळे धरून चालतात. यानाच्या फोटोत ते खालूनही येतं. मी स्वतः एकदा दोन दिवस एका खड्ड्याची ‘उंची’ काढत बसलो होतो. तेव्हा फोटो उघडलास की आधी माहितीच्या फाइलीतली सूर्याची दिशा आणि कोन बघ, आणि कागदावर बाण काढ. नावं नंतर.

पटत नसेल तर उद्या उजाडता उजाडता सड्यावर, कातळाच्या माळावर, जा. भर दुपारी कातळशिल्पावर पाय पडला तरी कळत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात तीच बोटभर खोल रेघ काळीभोर उठून दिसते. युरोपाचंही तसंच आहे. ऊन तिरपं असेल तर उंचसखलपणा दिसतो, माथ्यावर असेल तर नुसते फिके-गडद डाग. सपाटीवर पडलेल्या सावलीच्या लांबीला सूर्याच्या उन्नतांशाच्या (क्षितिजापासून वरच्या कोनाच्या) टॅन्जंटने गुणलं की कड्याची उंची मिळते. शाळेत माडाची काढायचीस तशीच.

मग भेगा. जी दुसरीला कापून जाते ती नंतरची. एवढ्यावर आठवडा घालवलास तरी चालेल. उल्का आदळून पडलेली विवरं मात्र फार सापडणार नाहीत. ती इतकी थोडी आहेत म्हणूनच तिथला पृष्ठभाग जेमतेम ४ ते ९ कोटी वर्षांचा मानतात.

रंगांवर भुलू नकोस, ते लालभडक पट्टे बहुतेकदा मुद्दाम गडद केलेले असतात. आणि फोटो धूसर म्हणून कुरकुर नको. १९९५ मध्ये गुरूपाशी पोचलेल्या गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना छत्रीसारखी उघडायची होती, ती अडकली. सगळं लहान अँटेनातून थेंबाथेंबाने आलं. काही मोजक्या जागी एका पिक्सेलला ६ मीटर इतका तपशील आहे, बाकी बराच भाग ढोबळ. युरोपा क्लिपर हे नवं यान २०३० मध्ये पोचेल. तोवर याच फोटोंवर डोळा तयार कर. मूळ फाइली फुकट मिळतात, पावसात लाइट जायच्या आत उतरवून ठेव.

सड्यावर जाताना बूट घाल. दगडांच्या फटीत फुरसं असतं.

तुझा,
काका