वाचक विचारतात: छायालेखक व्ही. के. मूर्ती

गुरुदत्त यांच्या चित्रपटांवरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे दिग्दर्शकापेक्षा त्यांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांच्याविषयी विचारणा करणारी होती, याचा आम्हांला मनापासून आनंद झाला. त्यांतील काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

‘कागज के फूल’मधील ‘वक्त ने किया’ या गाण्यात रिकाम्या स्टुडिओत नायक-नायिका समोरासमोर उभे असताना छताकडून उन्हाचा एक प्रखर झोत तिरपा खाली येतो. तो नेमका कसा साधला? हा निव्वळ योगायोग होता, असे माझ्या वाचनात आले. ते खरे मानावे का?
— एक वाचक, सातारा

स्टुडिओतील दिव्यांनी तसा झोत निर्माण होईना, तेव्हा मूर्तींनी खरा सूर्यप्रकाशच आत आणला. एक मोठा आरसा स्टुडिओबाहेर उन्हात ठेवला, त्यावरून परावर्तित झालेले ऊन आत उंचावर बसवलेल्या दुसऱ्या आरशावर घेतले आणि तेथून ते खाली, अभिनेत्यांच्या दिशेने वळवले. आतल्या हवेत थोडा धूर सोडला, कारण हवा अगदी स्वच्छ असली तर प्रकाश फक्त जमिनीवर पडलेला दिसतो, वाटेत दिसत नाही. धुराचे बारीक कण उजळले की मगच झोताला अंग येते.

दिवे का चालले नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे. दिव्यापासून निघणारे किरण पसरत जातात, त्यामुळे त्याचा झोत वरती निमुळता आणि खाली रुंद, शंकूच्या आकाराचा होतो. असा झोत पाहताच प्रेक्षकाला, तो सांगू शकला नाही तरी, जवळ कुठेतरी दिवा आहे हे जाणवते. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. आकाशात सूर्यबिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश असते, म्हणून आरशावरून आलेला झोत 20 मीटरच्या अंतरात फार तर वीतभर रुंदावतो. कडा सरळ राहतात आणि तेवढ्यानेच तो उन्हाचा वाटतो.

यातील खरी अडचण मात्र आरसे बसवल्यावर सुरू होते. सूर्य एका जागी थांबत नाही. चार मिनिटांत तो सुमारे एक अंश सरकतो. आरसा तसाच ठेवला तर परावर्तित किरणही तेवढाच वळतो आणि 20 मीटर अंतरावर पडणारी उन्हाची तिरीप चार मिनिटांत फूटभराहून अधिक बाजूला जाते. पाव तासात ती अभिनेत्याला सोडून पार पलीकडे पोहोचेल. म्हणजे प्रत्येक टेकपूर्वी बाहेरचा आरसा पुन्हा जुळवावा लागणार, तोही अगदी हलक्या हाताने, कारण आरसा एक अंश फिरवला की किरण दोन अंश फिरतो. ढग आला तर सगळ्यांनी थांबायचे. त्या गाण्यातील झोताची स्थिर, जवळजवळ निश्चल शांतता पाहताना ही सगळी धावपळ ध्यानात ठेवली, तर मूर्तींच्या कामाची खरी प्रत कळते.

त्यातच हा चित्रपट सिनेमास्कोप पद्धतीने चित्रित झाला होता, आणि 1959 साली भारतात ती पद्धत नवी होती. सिनेमास्कोपमधला हा पहिलाच भारतीय चित्रपट. या पद्धतीत एक खास भिंग दृश्याला आडवे दाबून फिल्मवर बसवते आणि चित्रपटगृहातील प्रोजेक्टरचे भिंग त्याला पुन्हा पसरवते. पडदा उंचीच्या सव्वादोन पटींहून रुंद झाला की दिवे लपवायला बाजूला जागा उरत नाही, शिवाय त्या काळातील ही भिंगे साध्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश मागत. एवढ्या रुंद चौकटीचा मोठा भाग अंधारात सोडून देण्याचे धैर्य मूर्तींनी दाखवले. माझ्या मते ते आरशांच्या युक्तीहून मोठे आहे. आरशाची कल्पना एखाद्या दिवशी सुचू शकते. पण आपण उजळू शकतो ते न उजळण्याचा निर्णय गाण्यातील प्रत्येक चौकटीत नव्याने घ्यावा लागतो आणि त्याला वर्षानुवर्षांचा अभ्यासच लागतो. म्हणून याला योगायोग म्हणणे मला पटत नाही.

या चित्रपटाला तिकीटबारीवर मोठे अपयश आले आणि त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव पुन्हा कोणत्याही चित्रपटाला दिले नाही. फिल्मफेअर पुरस्कार मात्र छायालेखनासाठी मूर्तींना आणि कलादिग्दर्शनासाठी आपले मराठी चित्रकार एम. आर. आचरेकर यांना मिळाले. त्या झोताइतकाच तो ज्या भव्य, ओसाड अवकाशातून येतो तो अवकाशही महत्त्वाचा आहे, आणि त्याचे श्रेय आचरेकरांचे, हे मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

गुरुदत्त भेटले नसते तर मूर्ती एवढे मोठे झाले असते का? आणि गुरुदत्त गेल्यानंतर त्यांनी काय केले?
— एक वाचक, नागपूर

मूर्तींचा जन्म 1923 साली म्हैसूरला झाला. लहानपणी ते व्हायोलिन शिकले, स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतल्याबद्दल 1943 साली तुरुंगात गेले आणि बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून 1946 साली छायालेखनाची पदविका घेऊन बाहेर पडले. त्या वेळी बहुतेक कॅमेरामन स्टुडिओत उमेदवारी करूनच हा व्यवसाय शिकत असल्याने, रीतसर शिक्षण घेऊन आलेला हा तरुण वेगळा होता; पण मुंबईत त्यालाही सहायक म्हणूनच सुरुवात करावी लागली. फली मिस्त्री यांच्यासारख्या कसबी छायालेखकाच्या हाताखाली काम करताना प्रकाशाने चेहरा कसा घडवायचा, हे मूर्तींनी पाहून घेतले.

गुरुदत्त यांच्याशी त्यांची गाठ पडली ती ‘बाजी’च्या वेळी. या चित्रपटाचे मुख्य छायालेखक व्ही. रात्रा होते आणि मूर्ती त्यांचे सहायक. एका गाण्यात कॅमेरा फिरवत घ्यायचा एक अवघड शॉट मूर्तींनी सुचवला आणि रात्रा यांच्या परवानगीने स्वतः कॅमेरा हाताळून तो घेऊन दाखवला. गुरुदत्त यांनी हे हेरले आणि पुढच्याच, गोव्याच्या कोळी वस्तीत घडणाऱ्या ‘जाल’ या 1952 सालच्या चित्रपटापासून मूर्तींना स्वतंत्र छायालेखक केले. ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस 55’, ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि अब्रार अल्वी दिग्दर्शित ‘साहिब बीबी और गुलाम’ ही त्यानंतरची वाटचाल आपल्याला ठाऊक आहे. यांतील शेवटच्या चित्रपटासाठी मूर्तींना दुसऱ्यांदा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, गुरुदत्त नसते तर मूर्ती उत्तम छायालेखक झालेच असते, पण हे चित्रपट झाले नसते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती सहसा कोणी मांडत नाही: मूर्ती नसते तर गुरुदत्त यांच्या मनातील खिन्नता पडद्यावर आपण पाहतो त्या रूपात उतरली नसती. ‘प्यासा’च्या शेवटाकडे कवी सभागृहाच्या दारात हात पसरून उभा राहतो. पाठीमागच्या प्रकाशामुळे त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त आकृती दिसते. तो कोण आहे हे सभागृहातल्या लोकांच्या आधी आपल्याला कळते, आणि ते संवादातून नाही तर प्रकाशातून कळते.

गुरुदत्त 1964 साली गेले, तेव्हा मूर्ती अवघे चाळिशीचे होते. त्यानंतर त्यांनी दिग्दर्शक प्रमोद चक्रवर्ती यांच्यासाठी ‘लव्ह इन टोकियो’, ‘नया जमाना’, ‘जुगनू’ असे लोकप्रिय चित्रपट चित्रित केले. काही समीक्षक या काळाकडे उतार म्हणून पाहतात. मला ते अन्यायाचे वाटते. रंगीत चित्रपटात अंधार-उजेडाचा खेळ तसाच्या तसा चालत नाही. तेथे रंगच माणसाला पार्श्वभूमीपासून वेगळे करतात. मूर्तींनी हे नवे व्याकरण आत्मसात केले आणि दिग्दर्शकाला हवा तसा प्रसन्न, झगमगीत पडदा दिला. व्यावसायिक छायालेखकाने आपली शैली प्रत्येक कथेवर लादू नये, हे ते जाणून होते. पुढे 1988 साली, वयाच्या पासष्टीत, दूरचित्रवाणीसाठी श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ आणि गोविंद निहलानी यांची ‘तमस’ या मालिकांचे चित्रीकरणही त्यांनी केले.

निहलानी हे मूर्तींचेच सहायक आणि त्याच बंगळूरच्या संस्थेचे विद्यार्थी. सत्यदेव दुबे यांचा 1971 सालचा मराठी चित्रपट ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ निहलानींनी चित्रित केला, पुढे विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर ‘आक्रोश’ दिग्दर्शित केला. मूर्तींच्या हाताखाली घडलेली नजर अशी थेट मराठी नाटक-चित्रपटाच्या परंपरेला येऊन मिळाली.

‘साहिब बीबी और गुलाम’मधल्या मुजऱ्यात मुख्य नर्तकी उजेडात आणि बाकीच्या सगळ्या नर्तकी अंधारात दिसतात. यामागे काही अर्थ आहे का?
— एक वाचक, बेळगाव

अर्थ नंतर आला. आधी अडचण होती. साथीच्या नर्तकींचे चेहरे दिसू नयेत, अशी गुरुदत्त यांची इच्छा होती. त्यांना काढून टाकले तर दिवाणखाना रिकामा वाटला असता. मूर्तींनी प्रकाश फक्त मिनू मुमताज यांच्यावर ठेवला आणि इतरांच्या केवळ काळ्या आकृती हलत्या ठेवल्या. हे ऐकायला सोपे वाटते, पण सगळ्याजणी एकाच जागेत नाचत असताना दिव्याचा पट्टा एकीवर पडावा आणि दुसरीच्या गालाला मुळीच लागू नये, यासाठी प्रत्येकीची पावले आखून घ्यावी लागतात आणि दिव्यांना आडोसे लावून प्रकाश कापावा लागतो. एक पाऊल चुकले की टेक वाया. त्या हवेलीतील स्त्रियांना चेहरा नाही, असा जो अर्थ आज आपल्याला त्या दृश्यात जाणवतो तो चुकीचा नाही; चांगल्या कामात व्यवहारातली अडचण आणि आशय असे एकमेकांत मिसळून जातात.

दादासाहेब फाळके पुरस्कार छायालेखकाला मिळायला इतका उशीर का लागला?
— एक वाचक, नाशिक

हा पुरस्कार 1969 पासून दिला जातो आणि मूर्तींना 2008 या वर्षासाठी तो 2010 साली प्रदान झाला. छायालेखक म्हणून हा मान मिळवणारे ते पहिलेच. त्याआधी हा पुरस्कार मिळालेले नितीन बोस कॅमेऱ्यामागूनच पुढे आले होते, परंतु त्यांचा गौरव मुख्यतः दिग्दर्शक म्हणून झाला. प्रेक्षकाला चेहरा दिसतो, गाणे ऐकू येते, दिग्दर्शकाचे नाव जाहिरातीत झळकते. चित्र कोणी टिपले हे श्रेयनामावलीत सरकून जाते. पुरस्कार ठरवणारेही शेवटी प्रेक्षकच असतात, एवढेच कारण मला दिसते. हा पुरस्कार ज्यांच्या नावाने दिला जातो ते फाळके स्वतः छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेले होते, आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा कॅमेरा सांभाळणाऱ्या त्र्यंबक तेलंग यांना त्यांनीच तयार केले होते, हे ध्यानात घेतले तर हा उशीर अधिकच खटकतो. मूर्तींचे 2014 साली बंगळूरमध्ये निधन झाले. हयातीत त्यांना हा सन्मान मिळाला, हे समाधान आहे.

मी छायालेखन शिकत आहे. मूर्तींच्या कामाचा अभ्यास कोठून सुरू करू?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

‘कागज के फूल’पासून सुरू करू नका, ते काम इतके गाजलेले आहे की पाहण्याआधीच मन भारावून जाते. आधी ‘आर पार’ पाहा, कारण त्यात हलकाफुलका विषय आहे आणि तरी दिव्यांची जागा विचारपूर्वक ठरवलेली आहे. मग ‘प्यासा’. एकदा संपूर्ण पाहून झाल्यावर त्यातील कोणतेही एक दृश्य आवाज बंद करून पुन्हा पाहा आणि प्रत्येक शॉटमध्ये मुख्य प्रकाश कोणत्या बाजूने येतो, नाकाची सावली कोणत्या गालावर पडते आणि पार्श्वभूमी चेहऱ्यापेक्षा उजळ आहे की काळी, एवढे तीन मुद्दे वहीत टिपत जा. सावलीची दिशा सांगता आली की दिवा कोठे ठेवला होता हे जवळपास कळते. त्यानंतर ‘नया जमाना’ घ्या आणि त्याच तीन प्रश्नांची उत्तरे रंगीत चित्रात शोधा. पहिल्या काही दृश्यांत उत्तरे सापडणार नाहीत, तेव्हा घाई न करता तेच दृश्य पुन्हा लावा, आणि शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर पाहा, कारण मोबाइलवर सावलीतला तपशील दिसतच नाही.