पुण्यात राहून वन्यप्राण्यांच्या शिकारीविरुद्ध खरंच काही करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की 2015 मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला, तेव्हापासून तुम्ही ट्रॉफी हंटिंगविरुद्धच्या, म्हणजे मुंडकं-कातडं मिरवायला केलेल्या हौशी शिकारीविरुद्धच्या, दिसेल त्या याचिकेवर सही करता. पण कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून त्याचा काही उपयोग होतो का, हे कळत नाही.

सह्या करा, त्यात वाईट काही नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की तो वाद तिथल्या लोकांचा आहे. केनियाने 1977 मध्येच शिकार बंद केली. बोट्स्वानाने 2014 मध्ये बंदी आणली आणि 2019 मध्ये उठवली, कारण हत्ती शेतात शिरतात ती गावं ओरडत होती. आपल्या सह्यांना त्यात कितीसं वजन असणार? आपल्याकडे हा प्रश्न कागदावर तरी कधीच मिटलाय. 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करायची वाटही बंद झाली. उरली ती चोरटी शिकार. तिचं गिऱ्हाईक जंगलात राहत नाही, ते तुमच्या-माझ्या सोसायटीत राहतं. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो, येतं’ असंच आहे.

मी वनखात्यात नाही. नोकरी सांभाळून सर्पमित्र म्हणून जमेल तेवढं काम करतो. सर्पमित्राचा नंबर चारचौघांत फिरतो, त्यामुळे साप निघाला म्हणून फोन येतात तसे दुसरेही येतात. ‘भाऊ, मांडूळ आहे का? दोन किलोच्या वरचं पाहिजे.’ बोलणारा शिकलेला वाटतो, कधी मागे गाडीचा हॉर्न ऐकू येतो. कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की दुतोंड्याने गुप्तधन सापडतं, नाहीतर पैशांचा पाऊस पडतो. प्रत्यक्षात मांडूळ म्हणजे उंदीर खाणारा, बिनविषारी, अतिशय गरीब साप. शेपटी तोंडासारखी बोथट असते आणि धोका दिसला की तो डोकं वेटोळ्यात लपवून शेपटी पुढे करतो, एवढंच ते ‘दुसरं तोंड’. वजनावर लाखांचे भाव सांगितले जातात, म्हणून वजन भरावं यासाठी त्याच्या पोटात लोखंडी गोळ्या घालण्याचे प्रकारही उघडकीला आलेत. साप मरतो, पाऊस पडत नाही, आणि फसलेला माणूस पोलिसांकडे जाऊही शकत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी ज्या शहरात खून झाला, त्याच शहरातून हे फोन येतात, याची मला अजून सवय झालेली नाही.

दुसरी वस्तू हाथाजोडी. शेंदूर लावून डबीत ठेवलेली, दोन हात जोडल्यासारखी दिसणारी ‘दुर्मीळ मुळी’. तिजोरीत ठेवली की लक्ष्मी टिकते म्हणे. ती मुळी नाही. नर घोरपडीचं जननेंद्रिय कापून, वाळवून ते विकतात. 2017 च्या सुमारास हे मोठ्या प्रमाणावर उजेडात आलं, तोवर मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांतही ती राजरोस मिळत होती. तानाजी आणि यशवंती घोरपडीची दंतकथा आपण सिंहगड चढताना पोरांना सांगतो, आणि त्याच घोरपडीचा तुकडा दिवाळीत पूजेला मांडतो. ही घोरपड कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच तिला. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान तीन वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. कैद सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं हो’ हे कोर्टात चालत नाही. नात्यात कुणाकडे डबी दिसली तर भांडू नका. ती नेमकी काय आहे ते देव्हाऱ्यासमोरच सांगा. लक्ष्मीपेक्षा किळस जास्त काम करते, असा माझा अनुभव आहे.

पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेल्या स्टार कासवांची गोष्ट जरा वेगळी, कारण ती घेणारे बहुतेक चांगली माणसं असतात. मुलाला ‘पेट’ हवा, वास्तूला कासव शुभ, आणि विकणारा सांगतो की हे फार्ममधलं आहे, चालतं. चालत नाही. 2019 मध्ये या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंदी आली, आणि भारतात ते पाळणं आधीपासूनच गुन्हा आहे. (आपला देशी पोपट पाळण्याचंही तेच, आणि हे सांगितलं की पेठांतली मंडळी आजही माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.) दुकानातल्या बादलीत तडफडणारं कासव बघून काही जण दया येऊन ते विकत घेतात. कृपा करून असं करू नका. तुमच्या पैशांतून त्याच बादलीत आणखी चार येतात. आणि घेतलेलं कासव वेताळ टेकडीवर किंवा पाषाण तलावात सोडणं हा तर दुहेरी घोळ. स्टार कासव पाण्यातलं नव्हे, जमिनीवरचं. तलावात टाकलं तर बुडून मरतं. शिवाय ते पुण्याचं नाही. गुजरात-राजस्थानची कासवं वेगळ्या वंशाची, आंध्र-तमिळनाडूची वेगळ्या. कुठून पकडलं ते कळल्याशिवाय वनखातंसुद्धा त्यांना सोडत नाही.

वाड्यातल्या भिंतीवरची सांबराची शिंगं, दिवाणखान्यातलं वाघाचं कातडं, आजोबांचं सोन्यात मढवलेलं वाघनख यांबद्दलही हटकून विचारणा होते. वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र असेल तर ठेवता येतं, विकता येत नाही. वारशाने आलं असेल तर 90 दिवसांत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं. नको असेल तर ते सरकारजमा करता येतं, मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्रच नसेल तर आधी वकील गाठा, फोटो टाकू नका. 2023 मध्ये कन्नड बिग बॉसमधल्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून थेट त्या घरातूनच अटक झाली होती. बाजारातली बरीच वाघनखं गुरांच्या शिंगांपासून केलेली नकली असतात हे खरं, पण नकली मिरवणारा बघूनच दुसरा असलीच्या मागे लागतो.

आता काही दिसलं तर करायचं काय. वनविभागाची टोल-फ्री हेल्पलाइन 1926, ती फोनमध्ये साठवून ठेवा. दुकानात हुज्जत घालू नका, गिऱ्हाईक बनून सापळा लावायचा हिरोपणा तर मुळीच नको; विकणाऱ्याला संशय आला की माल रात्रीत हलतो आणि पुरावा जातो. दुकानाची जागा, वेळ, वस्तू काय होती एवढं टिपून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुकवर जाहिरात दिसली तर खाली शिव्या न घालता स्क्रीनशॉट काढा, नंबर दिसेल असा. हा पुरावा केंद्र सरकारच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्याही कामी येतो, त्यांचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईकडे आहे.

तुम्ही ट्रेकला जाता असं प्रोफाइलवर दिसतंय. जुन्नर, भोर, मुळशीच्या बाजूला कुंपणाच्या फटीत गाडीच्या क्लचवायरचा फास दिसला तर त्याचा फोटो आणि लोकेशन 1926 ला द्या. तो बहुतेक रानडुकरासाठी लावलेला असतो, पण त्यात बिबट्याही अडकतो. रिकामा असेल तरीही स्वतः काढू नका, लावणारा कोण हे शोधायला तो जागेवर असलेला बरा. आत जनावर असेल तर मात्र लांब उभे राहा, गावकऱ्यांना मागे ठेवा आणि वनखात्याची गाडी येईपर्यंत कुणालाही मोबाइल घेऊन जवळ जाऊ देऊ नका.