रायझन 5 2600 पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करतोय, प्रोसेसर जळेल का?

तुम्ही लिहिलंय की रायझन 5 2600 आहे, बी450 मदरबोर्ड आहे, प्रोसेसरसोबत आलेलाच कूलर आहे, गेमिंग आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग करता आणि जळायची भीती वाटते. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे वेग, कंपनीने ठरवलाय त्यापेक्षा वाढवणं. नुसतं क्लॉक वाढवल्याने प्रोसेसर जळत नाही, झेपलं नाही की मशीन हँग होतं किंवा निळी स्क्रीन येते किंवा सरळ रीस्टार्ट होतं. नुकसान करतं ते व्होल्टेज. व्होल्टेज 10 टक्के वाढवलं की उष्णता 10 टक्के वाढत नाही, वर्गाच्या हिशोबाने (1.1 गुणिले 1.1) साधारण 21 टक्के वाढते आणि क्लॉक वाढवल्याची उष्णता वेगळी. म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डची सेटिंग) व्होल्टेज ऑटोवर ठेवून फक्त रेशो (क्लॉकचा गुणक) वाढवायचा हे बिलकुल करू नका, बोर्ड स्वतःच्या मनाने भरमसाट व्होल्टेज देऊन मोकळा होतो.

पण त्याच्या आधी एक काम करा, रॅम बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड 2133 किंवा 2400 दिसत असेल आणि स्टिक 3000 किंवा 3200 ची असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला तिच्या छापील स्पीडवर चालवणारं सेटिंग) चालूच केलेलं नाहीये. या पिढीच्या रायझनमध्ये कोअरच्या (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांच्या) गटांना जोडणारा आतला रस्ता रॅमच्याच क्लॉकवर चालतो, त्यामुळे गेममध्ये फरक प्रोसेसरपेक्षा इथे जास्त जाणवतो असा माझा अनुभव आहे. 3200 ला त्रास दिला तर 2933 वर ठेवा, कंपनीने या प्रोसेसरला अधिकृत तेवढंच सांगितलंय. मात्र रॅम आणि प्रोसेसर एकाच दिवशी बदलू नका, क्रॅश झालं तर कोणामुळे झालं तेच कळणार नाही.

आता प्रोसेसर. काहीही न बदलता एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून सिनेबेंच आर23 (प्रोसेसरला पूर्ण राबवून स्कोअर देणारी टेस्ट) दहा मिनिटं चालवा आणि स्कोअर, सगळ्यात जास्त गेलेलं तापमान आणि खोलीचं तापमान असे तीन आकडे कागदावर लिहा. मग बायोसमध्ये सीपीयू रेशो 38 करा (100 मेगाहर्ट्झ गुणिले 38 म्हणजे 3.8 गिगाहर्ट्झ), कोअर व्होल्टेज हाताने 1.25 टाका आणि तीच टेस्ट परत घ्या. पास झाली तर 38.5, मग 39, असं हळूहळू. जिथे अडेल तिथे व्होल्टेज अगदी थोडं वाढवून बघा. मी स्वतः 1.35 च्या वर कधी गेलो नाही आणि 85 डिग्रीच्या वर काही दिसलं की थांबतो. प्रोसेसरची मर्यादा 95 आहे आणि तिथे पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, पण रोज तिथवर न्यायचं कशाला.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली डब्ल्यूएचईए एरर्सची, म्हणजे विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या चुकांची ओळ असते ती नक्की बघा, बरेच जण बघत नाहीत. तिथे 0 नसेल तर मशीन वरवर नीट चालत असलं तरी ओव्हरक्लॉक स्टेबल नाहीये, आणि अशा मशीनवर फायली हळूच करप्ट होतात, कळतं ते महिन्याभराने. शेवटी जो आकडा ठरेल त्यावर ओसीसीटी (ताण देऊन चुका शोधणारी टेस्ट) किमान एक तास चालवा.

आणि हे सगळं तुम्ही थंडीत करणार असाल तर माझं ऐका. मी नागपूरचा. माझ्याकडे हाच प्रोसेसर होता, टॉवर कूलर लावलेला, डिसेंबरात रात्री बसून 4.1 गिगाहर्ट्झ 1.35 व्होल्टवर बसवला, खोलीत 24 डिग्री, प्रोसेसर 78, चार महिने एकही अडचण नाही. मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट करत होतो, लाईटच्या गोंधळात डेझर्ट कूलर बंद पडलेला, खोली 38 वर, आणि अर्ध्यात मशीन रीस्टार्ट, परत लावलं, परत रीस्टार्ट. खोली 14 डिग्रीने तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो, म्हणजे 92, आणि जे व्होल्टेज थंड असताना पुरत होतं ते गरम झाल्यावर पुरत नाही. शेवटी 4.0 वर आणलं, व्होल्टेज 1.275, आणि पुढचे दोन्ही उन्हाळे सुखाने गेले. त्यामुळे आत्ता जो आकडा मिळेल त्यातून 100 मेगाहर्ट्झ आपणहून कमी करा, फरक डोळ्यांना दिसणार नाही.

फायदा किती तेही सांगतो. सगळे कोअर राबत असताना माझा प्रोसेसर मुळात 3.7 च्या आसपास चालायचा, 4.0 म्हणजे एक्सपोर्टमध्ये जेमतेम 8 टक्के. 1998 च्या सेलेरॉन 300ए या प्रोसेसरमध्ये लोक बसचा (ज्याला गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो क्लॉक) वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ करून सरळ 450 मेगाहर्ट्झ काढायचे, ते दिवस गेले, आता कंपन्याच बहुतेक ताकद आधीच काढून देतात. तरी करून बघाच, मशीन आतून कसं चालतं हे याच्याइतकं दुसऱ्या कशाने कळत नाही. फक्त एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बिनानावाचा स्वस्तातला असेल तर आधी तो बदला. आणि ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, प्लग काढा, बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, सगळं मूळ सेटिंगवर येतं.

पुढे कूलर बदलायचा झाला तर एक सांगून ठेवतो, जुना कूलर थंड मशीनवर सरळ वर ओढू नका. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट वाळून घट्ट झालेली असते आणि सॉकेट लॉक असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो, पिना प्रोसेसरलाच असतात, वाकल्या की संपलं. दहा मिनिटं लोड देऊन गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, कॅबिनेट आडवं ठेवा, मागची प्लेट एका हाताने धरा कारण चारही स्क्रू निघाले की ती सुटते, आणि कूलर आधी डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरवून सैल झाला की मगच उचला.