वाचकांचे प्रश्न : तोच डोंगर, पुन्हा पुन्हा

प्रश्न : काही निसर्गचित्रकार आयुष्यभर एकच डोंगर किंवा एकाच नदीचा काठ रंगवत राहतात. त्यांची प्रेरणा आटत कशी नाही? उत्तम छायाचित्रे हाताशी असताना प्रत्यक्ष जागेवर जाऊन रंगवण्याची गरज आहे का?

उत्तर : नवे, देखणे दृश्य दिसले की प्रेरणा मिळते, अशी समजूत आपल्या प्रश्नामागे आहे. थोर निसर्गचित्रकारांची आयुष्ये पाहिली तर ती टिकत नाही. डोंगर तोच असला तरी त्यावरचा प्रकाश, हवेतला दमटपणा आणि सावल्यांच्या छटा घटकेघटकेला पालटतात, आणि चित्रकाराला पुन्हा तिथे खेचून नेतात त्या याच गोष्टी.

इंग्लंडमधील जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) ज्या स्टूर नदीच्या खोऱ्यात वाढले, त्याच खोऱ्याची चित्रे त्यांनी अखेरपर्यंत काढली. १८२१ आणि १८२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे त्यांनी केवळ आकाशाचे कितीतरी अभ्यास तैलरंगांत केले आणि त्यांतील अनेकांच्या मागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदवून ठेवली. ढग कसा दिसतो एवढ्यावर न थांबता तो तसा का झाला हे जाणून घेण्याची ही ओढ मला फार मोलाची वाटते, कारण कुतूहल जागे असले की विषय संपत नाही. फ्रान्समधील पॉल सेझान यांनी सेंट व्हिक्टोआर हा एकच पर्वत तैलरंगांत आणि जलरंगांत पुन्हा पुन्हा रंगवला. सप्टेंबर १९०६ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की, नदीकाठी जागा न बदलता, नुसते थोडे उजवीकडे किंवा डावीकडे कलून आपल्याला महिनोन्महिने पुरतील इतके विषय मिळतील. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी लिहिलेले हे वाक्य आहे! पुढच्याच महिन्यात उघड्यावर चित्र काढत असताना ते वादळी पावसात सापडले आणि काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.

छायाचित्राचा उपयोग तपशील आठवण्यासाठी जरूर करावा. मात्र लख्ख आकाश आणि गडद सावली एकाच वेळी टिपताना कॅमेऱ्याला बहुधा एकाला मुकावे लागते आणि सावली नुसती काळी उमटते. त्याच सावलीत आकाशातून उतरलेला निळसरपणा किंवा जमिनीवरून परतलेला ऊबदार उजेड जागेवर बसलेल्या डोळ्याला हळूहळू दिसू लागतो. शिवाय प्रकाश सरकत असल्यामुळे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे तिथेच ठरवावे लागते, आणि चित्र घडते ते या निवडीतून.

आपण स्वतः रंगवत असाल तर जवळची एखादी साधी जागा निवडावी, तिथे वेगवेगळ्या वेळी जाऊन लहान आकाराचे अभ्यास करावेत, सावल्यांच्या कडा सुरुवातीलाच पक्क्या कराव्यात आणि प्रत्येक कागदामागे वेळ व हवामान लिहून ठेवावे.