न्याहारी सोडायची का?

दादा, नुसती न्याहारी सोडून वजन उतरत नाही. दिवसभराच्या कॅलरींची बेरीज कमी झाली तरच उतरतं. सकाळी भूकच नसेल तर खुशाल सोडा. पण अकराला टपरीवरची गरम भजी बघून हात थांबत नसेल, तर घरूनच ज्वारीची भाकरी अन् वाटीभर मटकीची उसळ खाऊन निघा. न्याहारीला सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात तो पदार्थ, करणार असाल तर तेलाकडं बघा. मुरमुरे हलके, पण फोडणीच्या मोठ्या चमचाभर तेलातच सुमारे १२० कॅलरी, वर मूठभर शेंगदाणे म्हणजे आणखी दीडशेच्या आसपास. आपल्याकडं कूट तर बहुतेक भाज्यांत पडतो, तोही धरा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका.