मालक कोण ते सोड, आधी करार वाच

अगं,

समुद्रातल्या तेल-गॅसमधल्या परदेशी कंपन्यांवरचा तुझ्या लेखाचा ड्राफ्ट वाचला, मेहनत दिसतेय. पण "आपलं तेल परक्यांच्या घशात" हे वाक्य टाळ्या मिळवेल आणि लेख मात्र तिथंच घसरेल. राज्यघटनेचं कलम २९७ बघ, समुद्राखालचं तेल-गॅस केंद्राच्याच मालकीचं, कंपनी मुंबईची असो नाहीतर लंडनची, तिला मिळतो तो फक्त शोधायचा आणि काढायचा हक्क. तेव्हा विचारायचं ते हे, की ऑपरेटर, म्हणजे फील्ड प्रत्यक्ष चालवणारी कंपनी, कोण, विहीर कोरडी निघाली तर पैसे कोणाचे बुडतात, आणि तेल लागल्यावर खर्च आधी कोण वसूल करतं.

पन्ना-मुक्ता हे तेल-गॅसचं फील्ड घे ना, मुंबईसमोरच आहे. शोधलं ओएनजीसीनं, म्हणजे सगळ्यात मोठी रिस्क सरकारी पैशानं आधीच उचललेली, आणि १९९४ ला फील्ड दिलं जॉइंट व्हेंचरला, ओएनजीसी ४० टक्के, रिलायन्स ३०, एन्रॉन ३०. एन्रॉन बुडाली, तिचा हिस्सा बीजी या ब्रिटिश कंपनीनं घेतला, मग बीजीलाच शेलनं घेतलं, करार मात्र तोच चालू, थेट २०१९ च्या डिसेंबरपर्यंत. आणि कॉस्ट रिकव्हरीवरून, म्हणजे कंपनीनं केलेला खर्च तेलाच्या पैशातून आधी वळता करण्यावरून, सरकारशी आर्बिट्रेशन (लवादापुढचा वाद) लागलं तेव्हा रिलायन्स आणि बीजी एकाच बाजूला बसले होते! आंध्रच्या किनाऱ्यासमोरच्या केजी-डी६ या गॅस फील्डमध्येही ऑपरेटर देशीच, रिलायन्स, तरी खर्चावरून भांडण झालंच. कारण खर्च आधी वळता करून मग नफा वाटायचा म्हटलं की बिल फुगवायचा मोह कुणालाही होतो, पासपोर्ट कुठलाही असो. सरकारच्या २०१६ च्या तेल-गॅस पॉलिसीत म्हणूनच खर्चाचा हिशोब न धरता सरकारला सरळ रेव्हेन्यूत वाटा आला. माझ्या मते तुझा लेख इथून सुरू व्हायला हवा.

परदेशी म्हणजे हिस्सेदारच असंही नाही हं, २०२५ ला मुंबई हायसाठी ओएनजीसीनं बीपीला घेतलं ते टेक्निकल सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणून, फील्ड ओएनजीसीचंच. आणि रशियाच्या सखालिन-१ प्रकल्पात २० टक्के घेऊन बसलेली ओएनजीसी विदेश (ओएनजीसीचीच बाहेरदेशी काम करणारी कंपनी) तिथं परकीयच की, त्याबद्दल तुझ्या ड्राफ्टमध्ये एक ओळ नाही.

अजून एक, फील्ड संपल्यावर प्लॅटफॉर्म कापून काढायचा खर्च कोणाचा, तेही टाक. पन्ना-मुक्ताच्याच भागीदारांच्या ताप्ती गॅस फील्डचे प्लॅटफॉर्म काढले गेलेत, तिथून सुरुवात कर. पुढचा ड्राफ्ट पाठव, रविवारी वाचतो.