किडनी कमजोर असेल तर एमआरआयसाठी लोखंडाच्या नॅनोकणांचं इंजेक्शन घ्यावं का?

वडिलांचं क्रिएटिनिन वाढलंय, लिव्हरचा काँट्रास्ट एमआरआय (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून औषध टोचून केलेला) सांगितलाय, त्या औषधातल्या गॅडोलिनियम या धातूची धास्ती वाटते, म्हणून नॅनोकणांचं विचारताय. मी एमआरआय टेक्निशियन आहे. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, पण सुई टोचण्याआधीचे प्रश्न माझ्याच वाट्याला येतात.

या कणांचं काम गॅडोलिनियमच्या उलट. गॅडोलिनियम पोचतं तो भाग उजळतो, या कणांतलं आयर्न ऑक्साइड साचतं तो भाग काळा पडतो. लिव्हरमधल्या कुप्फर पेशी रक्तातला केरकचरा गिळतात, त्यात हे कणही गिळतात. त्यामुळे निरोगी लिव्हर काळं होतं आणि कुप्फर पेशी नसलेली गाठ त्यात पांढरी उठून दिसते. कल्पना झकासच! अशाच कणांच्या फेरिडेक्स या इंजेक्शनला अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरीही मिळाली. पण ते अर्धा तास ड्रिपमधून द्यावं लागे, काहींची पाठ दुखायला लागे. पुढे लिव्हरच्या पेशींत शिरणारं गॅडोलिनियमच आलं आणि फेरिडेक्स बंद पडलं.

आता नाव ऐकू येतं ते अशाच कणांच्या फेरुमॉक्सिटॉलचं. ते मुळात किडनीच्या रुग्णांच्या ॲनिमियाचं औषध, २००९ सालचं. परदेशात काही ठिकाणी काँट्रास्ट म्हणून वापरतात, कारण ते किडनीवाटे जात नाही, त्यातलं लोखंड शरीरच वापरून टाकतं. मात्र जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीमुळे २०१५ मध्ये अमेरिकेत त्यावर कडक इशारा छापावा लागला.

एकदा एक आजी आल्या, मुलीकडे अमेरिकेत राहून आलेल्या. लिव्हर असं काळं, की मला वाटलं मशीनची कॉइलच (सिग्नल पकडणारा भाग) बिघडली. तपासून झालं, पुन्हा चित्रं घेतली, तेच. शेवटी आजी म्हणाल्या, "अहो, तिकडे रक्त वाढायचं इंजेक्शन दिलं होतं की!" म्हणजे फेरुमॉक्सिटॉल. दीड महिना झाला होता. या औषधाचा परिणाम एमआरआयवर तीन महिन्यांपर्यंत दिसू शकतो. फॉर्मवर मात्र "इतर औषधे: नाही".

तुमच्या बाबतीत मी नॅनोकणांच्या मागे लागणार नाही. किडनीच्या रुग्णांची कातडी कडक होणारा आजार २००६ मध्ये गॅडोलिनियमशी जोडला गेला, तो मुख्यतः जुन्या, सैल बांधणीच्या औषधांमुळे. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट या औषधांत गॅडोलिनियम पिंजऱ्यात पक्कं बसवलेलं असतं, धोका फारच कमी. सेंटरवर कोणतं वापरतात ते विचारा, अलीकडचा ईजीएफआर (किडनी किती गाळते ते सांगणारा आकडा) सोबत न्या आणि वडिलांना लोखंडाचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याची तारीखही सांगा.